कोरड्या रेडिएटरची गळती

रेडिएटरची बारीक गळती घरच्या घरी काढता येते. गॅरेजवाले त्याचा उगाच बाऊ करतात. दोन नळ्या सोडवायच्या, चार बोल्ट काढायचे, तोंडांना सायकलच्या ट्यूबचं रबर बांधायचं आणि पाण्याच्या टाकीत बुडवून पंपानं हवा भरायची. बुडबुडा येतो तिथं भोक. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे एवढं मला जमतं.

माझी गाडी गळायला लागली ती मंगलच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. मंगल म्हणजे अवसरीतला आमचा शेजारी भरत, त्याची बायको. दसऱ्यानंतर बटाटे काढताना तिला घोणस चावली. त्या दिवशीचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड राहणार नाही.

सकाळचे साडेदहा झाले होते. मंचरला माझ्या मेहुणीकडं बारसं होतं, म्हणून मी अंगणात गाडी धुऊन काढली होती. आत पांढरी सीटकव्हरं, चारच दिवसांपूर्वी घातलेली. भरत मंगलला दोन्ही हातांवर उचलून आला. तिच्या घोट्याजवळ दोन टिपके होते, बोटभर अंतरावर. त्यानं वर मूठभर हळद दाबली होती आणि हळदीतून रक्त वर येत होतं. घोणसेच्या विषानं रक्त गोठत नाही, हे मीच पोरांना शिकवायचो. अँब्युलन्सला वेळ लागणार होता, तिला नारायणगावला, सापाच्या विषावर उपचार होतात त्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीखाली धुण्याचं पाणी ठिबकत होतं. मी त्याकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, रेडिएटर गळतोय, कळंबच्या पुढं नाही जायची गाडी.

कव्हरं खराब होतील, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं.

भरतनं वाकून खाली बघितलं, मान हलवली आणि तो तिला घेऊन रस्त्याकडं गेला. दुसरी गाडी मिळेपर्यंत सव्वा तास गेला. तिसऱ्या दिवशी मंगल वारली. फार उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले. नूतननं, माझ्या बायकोनं, ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. त्यावर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. बारशाला ती आली नाही. मी मागच्या रस्त्यानं गेलो आणि जेवून आलो.

तर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीखाली ओल दिसली. मी परात ठेवली. सकाळी त्यात पेलाभर पाणी, तांबूस. गंज असणार म्हणून मी रेडिएटर काढला, टाकीत बुडवला आणि पंप मारला. खालच्या कोपऱ्यातून दोन बुडबुडे आले. दोन भोकं होती, सुईच्या टोकाएवढी, शेजारी शेजारी. मध्ये अंतर किती ते मी मोजलं नाही. पट्टी खिशातच होती.

कानसेनं घासून, भोकं बुजवायची दोन रंगांची पुटी मळून लावली आणि दिवसभर उन्हात वाळू दिली. पुन्हा हवा भरली. एकही बुडबुडा नाही. रेडिएटर बसवला, मनाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परातीत पुन्हा पेलाभर पाणी. बोट बुडवलं तर ते कोमट होतं. गाडी मी आठवडाभर चालू केली नव्हती, आणि थंडी अशी की बोनेटवर दव साचलेलं.

मग मी रेडिएटर पूर्ण रिकामा केला. झाकण उघडं ठेवलं, खालची नळी काढून ठेवली. सकाळी परातीत पाणी तेवढंच. कोमटही तेवढंच. मी वहीत तारीख घालून लिहिलं आणि ते पान फाडलं. माझ्या गैरहजेरीत नूतन परात रिकामी करायची. मोरीत नाही, परसातल्या तुळशीपाशी. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

रविवारी दुपारी भरत आला. दाढी वाढलेली, शर्ट उसवलेला. माझ्यासमोर तो उकिडवा बसला तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना.

"अजून गळतीय व्हय, गुरुजी?" तो म्हणाला. "ट्रकवाले आत हळद टाकत्यात. भोक बुजतं. मंगलनं दळून ठिवलेली हाय, आणलीय मी."

नको म्हणायला मला जागाच नव्हती. मी नळी बसवली, त्यानं पाणी भरलं आणि दोन चमचे हळद आत सोडली. इंजिन दहा मिनिटं चालवलं. गरम हळदीचा वास अंगणभर झाला. मग मी इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं परातीकडं बघत बसलो.

पुटीखालून पिवळा थेंब आला. शेजारून दुसरा. पाठोपाठ त्यातून लाल वर येऊ लागलं, थांबेना. भरत ते बघत होता.

माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "भरत, त्या दिवशी गाडी गळत नव्हती. मी खोटं बोललो."

परातीत ठिबकण्याचा आवाज थांबला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "त्या पाण्याला साबणाचा फेस व्हता. मी बघितला व्हता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमच्याशी भांडायला येळ न्हवता, गुरुजी."

मी हात जोडले. त्यानं माझ्या हातांकडं बघितलंही नाही. उठला, पँटला हात पुसले.

"आता न्या," तो म्हणाला.

मला समजलं, आणि समजून घ्यायचं नव्हतं. मी किल्ली घेऊन पुढं बसलो. एकाच झटक्यात गाडी सुरू झाली. ओट्यावर नूतन उभी होती. तिनं डोक्यावर पदर घेतला.

भरतनं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. गाडी मागच्या बाजूनं किंचित खाली दबली, कुणी चढलं की दबते तशी.

"पाय आत घे," तो सीटकडं बघून हळूच म्हणाला, आणि त्यानं दार लावलं.