एस्तेरचा शेवटचा बुधवार

“अहो, फाडताय काय!”

लीड्सच्या म्युझियममध्ये, आणि तेही मराठीत? मी शिडीवरून पडता पडता वाचले. भिंतीवरची टॅपेस्ट्री, म्हणजे धाग्यांनी विणलेलं चित्र, जराशी वाकडी लागली होती, ती सरळ करायला मी मागचा व्हेल्क्रो ओढला होता. त्या चर्रर्र आवाजाला हा घाबरला होता! शार्दूल. मूळचा पुण्याचा, पलीकडच्याच ऑफिसात सॉफ्टवेअरवाला.

“फार जुनी आहे का?”

“रेनेसाँच्या काळातली, चार-पाचशे वर्षांची. हळू बोला, म्हातारीला त्रास होतो.”

झालं! त्यानंतर दर बुधवारी लंच-ब्रेकला स्वारी हजर. टॅपेस्ट्री ती केवढी, उशीच्या अभ्र्याएवढी. तीत बायबलमधली राणी एस्तेर राजासमोर उभी, भीतीनं पांढरीफटक. आपल्या लोकांचा जीव वाचवायला ती न बोलावता दरबारात शिरली होती. राजानं राजदंड पुढे केला तर वाचली, नाहीतर थेट मरण.

“एवढी घाबरते, तर गेलीच कशाला?” तो विचारायचा.

“न जाऊन चाललं नसतं, म्हणून.” सांगताना माझेच कान तापायचे. आमच्यातलं अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

पण तो येतो कुणासाठी – तिच्यासाठी की माझ्यासाठी? विचारायची हिंमत कुठे होती! आणि आज तर ती उतरवायची होती. उजेडानं रंग उडतात, म्हणून काही महिने भिंतीवर, मग कित्येक वर्षं अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितलं आणि “बरं, बाय” म्हणाला तर?

लंच-ब्रेक संपत आला तरी त्याचा पत्ता नाही. शेवटी एस्तेरला टिश्यूत गुंडाळून तळघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि वर आले, तर हा रिकाम्या भिंतीसमोर उभा. ओलाचिंब, धापा टाकत.

“मीटिंग संपेचना… गेली?”

“हो. आता काही वर्षं नाही दिसायची.”

“बोलली नाहीस.”

“राहून गेलं.” धडधडीत खोटं!

तो ओल्या केसांतून हात फिरवत राहिला. “मग… आता माझं इथं काय काम?”



“माझ्यासाठी ये ना,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. बोलून बसले होते! हा भिंतीकडे बघतोय, बुटांकडे बघतोय… संपलं सगळं, मला वाटलं.

“निधी,” तो अखेर म्हणाला, “त्या टॅपेस्ट्रीतलं मला अजून काडीचंही कळत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढचा बुधवार फार लांब आहे गं. आज किती वाजता सुटतेस?”