दोन काचघरांमधलं तळं

ढकलगाडी कलंडली तेव्हा मेरेल रडत नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण ती रडत होती असं वेसेल नंतर कायम म्हणायचा. पाऊस होता तो! समुद्राकडून आडवा येणारा, कॉलरमधून थेट पाठीत उतरणारा ऑक्टोबरचा पाऊस. त्यात गालावर काय आहे ते कुणाला कळतं?

गाडीत सॅलडचे गड्डे होते. वरून पाहिलं तर हिरवेगार, आत्ता ताटात वाढावेत असे. पण उलटा केला की मुळांच्या जागी तपकिरी, बुळबुळीत लगदा... आणि फुलदाणीत महिनाभर विसरलेल्या पाण्याचा वास. आईने वर्षानुवर्षं पाण्यावर सॅलड पिकवलं होतं, पण असा वास त्यांच्या काचघरात कधी आला नव्हता. आता तो घरातल्या टॉवेलांनाही यायचा.

गड्डे चिखलात गडगडत गेले. एक तर तळ्याच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या बुटाला जाऊन टेकला. मुलाने गड्ड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"एवढं सॅलड एकटी खातेस?"

दुसरा दिवस असता तर मेरेलने त्याला चांगलंच ऐकवलं असतं. पण तो खाली वाकला आणि ती किंचाळलीच, "हात लावू नकोस!"

तो अर्धा वाकलेलाच थांबला. "का? चावतं?"

"मूळकूज आहे. हाताला, बुटाला लागली की तुझ्याबरोबर चालत घरी येते. कुठला तू?"

"पलीकडच्या काचघरातला. क्राइनचा मुलगा, वेसेल. इतके दिवस स्वोल्लेला आईकडे होतो, परवाच आलो." त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि पापण्यांवर पाणी होतं. मेरेलला ते उगाचच दिसलं.

"मग घरी जा आणि बूट धू. हात धू. कोपरापर्यंत!"

"आणि धुऊन परत आलो तर चालेल?"

नाही म्हणायचं होतं. शंभर टक्के नाहीच म्हणायचं होतं.

"...बघू," मेरेल म्हणाली.

त्याच दुपारी आई तिला घेऊन क्राइनच्या दारात गेली. तिथला रिवाजच आहे तसा. आपल्या काचघरात रोग शिरला की त्याच दिवशी शेजाऱ्याला सांगायचं, दाराबाहेर उभं राहून. दोन्ही काचघरांच्या मधोमध पावसाच्या पाण्याचं तळं होतं. दोघांच्या छपरांचं पाणी त्यात उतरायचं आणि दोघंही त्यातूनच भरायचे, म्हणून तर सांगायलाच हवं होतं.

"क्राइन, आमच्याकडे मूळकूज आलीये," आई म्हणाली. पाऊस तिच्या नाकावरून टपकत होता. "तुमचं पीक सांभाळा. माफ करा."

क्राइनने बराच वेळ दाराची कडी धरून ठेवली. "सांगितलंत ते बरं केलंत, अलेइडा," एवढंच म्हणाला, आणि दार लावलं.

त्याच्या मागे वेसेल उभा होता. दार मिटता मिटता त्याने मेरेलला आपले दोन्ही हात दाखवले. कोपरापर्यंत लाल, घासून घासून.

असं सुरू झालं ते. तिकडे आईचं सगळं संपत चाललेलं, आणि मेरेल सकाळी आरशात दोनदा बघायला लागलेली! लाज वाटायची तिला याची. पण वाटली तरी बघायचीच.

बाबा गेल्यापासून काचघरात दोघीच होत्या. पुढचा हौद आणि मागचा हौद, दोन्ही रिकामे केले. भिंती घासल्या, जंतुनाशकाने धुतल्या, पुन्हा घासल्या. आईच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. खोक्यांत नवी रोपं वाट बघत होती, आणि आईने एकदाच, भांडी विसळता विसळता सांगून टाकलं होतं, "ही लावणी गेली तर काचघर विकायचं. पुन्हा विचारू नकोस मला."

वेसेल शाळा सुटल्यावर यायचा. तरंगत्या पांढऱ्या पाट्या पुसायला बसायचा. पाटीला भोकं असतात, भोकात रोप बसतं आणि मुळं खाली पाण्यात लोंबतात. एखादं भोक रिकामं राहिलं तर त्यावर काळं टोपण लावायचं.

"हे कशाला?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं. "रोपच नाही तर झाकायचं काय?"

"उजेड. उजेड पाण्यात गेला की शेवाळ धरतं. शेवाळ मेलं की पाण्यातली हवा खाऊन टाकतं, मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळात कूज आयती शिरते." मेरेलने एका दमात सांगितलं. "म्हणून पाणी झाकायचं, गार ठेवायचं आणि पंपाने सतत बुडबुडे सोडायचे. क्राइनने काहीच शिकवलं नाही का तुला?"

"बाबा शिकवत नाहीत. कामाला लावतात." त्याने टोपण बसवलं. "आणि तू? तू कुणालाही एवढं ओरडून शिकवतेस?"

"जो चुकीचं टोपण लावतो त्याला."

त्याने खाली पाहिलं. टोपण खरंच उलटं लागलं होतं. तो हसला... आणि ती पण. रबरी हातमोज्यांतली दोन बोटं त्या टोपणावर एकदमच आली, आणि दोघांनीही ती जरा जास्तच वेळ तिथे ठेवली. रबराला रबर लागलं, बाकी काही नाही! तरी मेरेलचे कान तापले.

पण नंतर नंतर वेसेल गप्प होत गेला. यायचा, पुसायचा, जायचा. ती चिडवायची, "स्वोल्लेची कुणी आठवतेय वाटतं?" तर तो नुसती मान हलवायचा.

एका संध्याकाळी आईने त्याला जेवायला थांबवून घेतलं. वाटाण्याचं घट्ट सूप होतं, वर सॉसेजचे काप. आई खात नव्हती. चमचा वाटीत उभा करून म्हणाली, "मीच आणलं असणार. जुन्या पाट्या घेतल्या ना मी उन्हाळ्यात, त्यांच्यातूनच. नाहीतर बुटातून. नाहीतर कापणीच्या सुरीवरून..." रोज रात्री ती हीच यादी म्हणायची. "कुणी दुसऱ्याने नाही, मीच बुडवलं घर माझं."

वेसेलचा चमचा थांबला. "अलेइडा... नवं पाणी कुठलं भरणार तुम्ही?"

"तळ्यातलं. आणखी कुठलं? पावसाचंच तर पाणी, त्याहून स्वच्छ काय असतं?"

"हिरवं झालंय ते."

"शेवाळ गाळणीत अडकतं. तुझे बाबा वसंतात तळ्यावर आच्छादन घालणार आहेत."

"थोडे दिवस थांबलात तर?"

"रोपं थांबत नाहीत, बाळा."

त्याने सूप टाकलं. सूप टाकणाऱ्यातला नव्हता तो. मेरेलला वाटलं, आपल्याकडचा वास सहन होत नाही त्याला. त्या रात्री उशीत तोंड खुपसून ती खरंच रडली, आणि तेव्हा पाऊससुद्धा नव्हता.

शनिवारी मंडळाची फेरी होती. भागातले सॅलडवाले महिन्यातून एकदा कुणातरी एकाच्या काचघरात जमतात, रांगेतून हिंडतात आणि तोंडावर दोष काढतात. पाहुण्याने हात मागे बांधून चालायचं, कशाला शिवायचं नाही. नंतर कॉफी आणि प्रत्येकी एकच बिस्किट. या वेळी पाळी क्राइनची होती.

आईला जायचं नव्हतं. पण न जाणंही दिसलं असतं. सकाळी दोघींनी पुढचा हौद तळ्याच्या पाण्याने भरला, रोपं लावली, आणि कपडे बदलून गेल्या. मागचा हौद संध्याकाळी भरायचा होता.

क्राइनचं सॅलड झकास होतं. सगळे हात मागे बांधून माना डोलवत होते. कुणीतरी कुजबुजलं, "अलेइडाचं बघा आणि याचं बघा." आईने ऐकलं. तिचे मागे बांधलेले हात मेरेलला दिसत होते, पेरांवरच्या चिरांसकट.

मग मेरेलला राहवेना. तोंडावर हसू आणून ती मोठ्याने म्हणाली, "वेसेल, मुळं दाखव ना! आम्हाला शिकायचंय. ती पाटी उचल की, ती कोपऱ्यातली, मागची."

सगळे हसले. तो पाटीकडे बघत राहिला.

"काही गरज नाही," क्राइन म्हणाला. "कॉफी थंड होतेय."

"एकच पाटी," मेरेल म्हणाली. ती अजून हसतच होती. तिला काय माहीत? खरंच काही माहीत नव्हतं तिला!

"वेसेल. कॉफीची किटली आण."

वेसेलने बापाकडे पाहिलं. मग मेरेलकडे, आणि मग मेरेलच्या आईच्या हातांकडे. पाण्यात पाऊल टाकल्यासारखा तो हळूच पुढे झाला, पाटीच्या दोन्ही कडा धरल्या आणि उचलली.

तपकिरी लगदा दोऱ्यांसारखा लोंबत होता. वास यायला क्षणभर लागला. तो आला तेव्हा आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तो वास तिच्याइतका कोण ओळखणार?

"केव्हापासून?" आईने विचारलं.

उत्तर वेसेलने दिलं, पाटी हातात तशीच धरून. "तुमच्या आधीपासून. गटारात सोडलं असतं तर तपासणीत सापडलं असतं. म्हणून आमच्या मागच्या हौदाचं पाणी बाबांनी... तळ्यात सोडलं. मला नंतर कळलं. बूट नव्हता, अलेइडा. सुरी नव्हती. तुम्ही काहीच आणलं नाही." मग आवाज फुटला त्याचा. "तुमचा मागचा हौद भरू नका. तळ्यातलं घेऊ नका. प्लीज."

कॉफी कुणीच प्यायली नाही. मंडळातली माणसं एकेक करून बाहेर पडली, आणि जाताना एकानेही क्राइनशी हात मिळवला नाही. तिकडे याहून मोठी शिक्षा नसते. क्राइन खाली मान घालून त्या पाटीजवळ उभा होता, आणि त्या क्षणी तो मेरेलला म्हातारा दिसला. तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण तेवढाच आला नाही.

पुढचा हौद गेला. आधी पानं दुपारची मलूल व्हायला लागली, मग मुळांची टोकं चहासारखी झाली, मग तो वास. पुन्हा ढकलगाडी, पुन्हा चिखल. मागच्या हौदासाठी मात्र मंडळातली माणसं आपापल्या टाक्या गाडीला जोडून पाणी घेऊन आली. कुणी फारसं बोललं नाही. नळी लावली, हौद भरला, निघून गेली. आई सगळ्यांना थँक्यू म्हणत राहिली आणि दारातच एकदम खाली बसली.

वेसेल त्यानंतर आला नाही. मेरेलनेही बोलावलं नाही. त्याने लिहिलेले मेसेज ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. त्याला माहीत होतं! आई दरवेळी स्वतःला कोसत होती तेव्हा तो समोर बसून टोपणं लावत होता. बोटाला बोट लावत होता. पुढच्या हौदात पाणी सुटलं त्या सकाळीसुद्धा त्याला माहीत होतं.

आणि मग क्राइनने त्याला त्या दिवशीच्याच बसने परत स्वोल्लेला धाडायचं ठरवल्याचं आईकडून कळलं. मेरेलने "बरं" म्हटलं. भांडी पुसली. एकच ताट पाच वेळा पुसलं. मग सायकल काढली.

बसथांब्यावर तो एकटाच होता, पायाशी बॅग. वारा सुटला होता, आभाळ मळक्या पाण्यासारखं.

"बाबा बोलत नाहीत," तो आपणहून म्हणाला. "ताट मात्र मांडतात माझं. मी जेवायला लागलो की उठून जातात." थोडं थांबून, "त्यांच्याकडून कुणी काही घेत नाहीये आता. माल तसाच पडलाय. मी... मी बापाला बुडवलं, मेरेल."

"आणि आधी आम्हाला बुडू दिलंस."

"हो."

तो 'पण' म्हणाला नाही. 'समजून घे' म्हणाला नाही. म्हणाला असता तर ती सायकल वळवून निघून जाणार होती, ठरवूनच आली होती तसं.

"मागचा हौद?" त्याने घाबरत विचारलं.

"पांढरी आहेत मुळं. अजून तरी." तिने हँडलवरची चिखलाची खपली नखाने काढली. "विकायचं आईने पुढे ढकललंय. विकणार नाही असं म्हणाली नाही."

"रागावलीयस?"

"हो."

"किती?"

"पुढच्या हौदाएवढी."

त्याने मान हलवली. लांबून बसचे दिवे दिसायला लागले. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, हे मेरेलला कळलं.

"आणि मागच्या हौदाएवढा..." तिने बसच्या दिव्यांकडे पाहिलं. "...आवडतोस."

वेसेल अगदी हळू, जणू पाण्यावर काही ठेवतोय असा, म्हणाला, "मोठा कुठला आहे दोन्हीत?"

"सारखेच आहेत मूर्खा! तेच तर दुखणं आहे!"

आणि ती रडली. या वेळी उघड, वाऱ्यात, नाक लाल करून. त्याने हात पुढे केला, हातमोजा नसलेला, आणि तिने तो धरला. थंडगार होता. पेरांवर त्याच्याही चिरा होत्या. तिच्या आईसारख्याच.

बस थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"चढायचंय का कुणाला?"

"नाही चढायचंय त्याला," मेरेल म्हणाली, आणि हात सोडला. "पण चढेल तो."