मुखपृष्ठावरची बाई

गेलो होतो फक्त चष्मा पोचवायला. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हातारं असलं, जिना झेपत नसला, तर मी स्वतः घरी नेऊन देतो. या काकूंच्या बाबतीत मात्र थोडा स्वार्थही होता. नंबर तपासताना त्यांनी सहज सांगितलं होतं की त्यांचे यजमान मासिकांची मुखपृष्ठं काढायचे. कोणत्या मासिकांची, ते ऐकून एरवी माझ्या हातातली फ्रेम खाली पडली असती. त्या दिवशी पडली नाही. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. रडलोही नव्हतो. बहीण म्हणायची, एकदा मोकळा हो. मी मान हलवायचो आणि दुकान उघडायचो.

रहस्यकथांची जुनी मासिकं मी तीस वर्षं जमवतोय. कथा फारशा वाचत नाही, वेड मुखपृष्ठांचं. स्वस्त कागद, गंजलेल्या पिना, आणि छपाईत लाल रंग केसभर सरकलेला, त्यामुळे बाईचे ओठ ओठांबाहेर सांडलेले. बाकीचे चित्रकार खंजीर काढायचे, सांगाडे काढायचे. हा माणूस फक्त एक बाई काढायचा. गालाखाली हिरवट सावली, तोंड उघडं, आणि नजर पाहणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे. ती कशाला घाबरलीय, ते चित्रात कधीच नसायचं. माझी बायको तिला सवत म्हणायची. कपाट पुसताना म्हणायची, हिच्याकडे बघतोस तसं माझ्याकडे कधी बघितलंस का रे?

काकूंनी दार उघडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दुकानात मी त्यांच्या डोळ्यांचा नंबर पाहिला होता, डोळे पाहिलेच नव्हते. आता पाहिले. मुखपृष्ठावरची बाई म्हणजे या काकूच होत्या.

यजमानांची खोली त्यांनी तशीच ठेवली होती. उत्तरेची खिडकी, चित्र टेकवायचा रिकामा ईझल, जमिनीवर रंगांचे सुकलेले ठिपके. डिंकाचा आणि कोंडलेल्या कागदाचा वास. भिंतीलगत मासिकांचे गठ्ठे होते. मला आयुष्यभर न मिळालेले अकरा अंक त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिले. दुसऱ्या कोणाच्या धुण्याच्या घड्या घालाव्यात तसे मी ते पाहून खाली ठेवले.

मग चष्मा तपासायला त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मी उभा राहिलो ईझलपाशी, तिथेच जागा होती. म्हटलं, समोर बघा.

त्यांनी बघितलं. हळूहळू त्यांचं तोंड उघडत गेलं. आवाज नाही. गालाखाली ती हिरवट सावलीसुद्धा आली. माझ्यासमोर मुखपृष्ठ बसलं होतं.

"काकू… काय झालं?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काही नाही. छान झालाय. स्पष्ट दिसतं."

चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं, भाजीबद्दल बोलावं तितक्या सहज. यजमान म्हणायचे, तू जन्मजात नटी आहेस. पण नाटक त्यांनी कधी केलंच नव्हतं. ईझलपाशी जो उभा राहील, त्याच्यामागे त्यांना कोणीतरी दिसायचं. यजमानांच्या मागे यजमानांचाच बुडून मेलेला भाऊ, सलग बावीस वर्षं, ओल्या कपड्यांत. यजमानांना हे त्या कधीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांचा ब्रश थांबला असता.

"आणि माझ्यामागे?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "बाई आहे… आखूड केसांची. कोणी घाईघाईत कापल्यासारखे."

शेवटच्या आजारात बायकोचे केस मीच कापले होते, घरी, कागद कापायच्या कात्रीने. हे बहिणीलाही माहीत नव्हतं. मला वाटलं, आता तरी आतून काही हलेल. हललं नाही. म्हणून पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो.

मग दर गुरुवारी जात राहिलो. निमित्त गठ्ठे लावायचं. काकू मला मासिकवाले म्हणू लागल्या. काम झालं की मी ईझलपाशी उभा राहायचो आणि त्यांना खुर्चीत बसायला सांगायचो. त्या नको म्हणायच्या, मी म्हणायचो, फक्त एकदाच. वस्तू जितकी जवळ, तितकी बुबुळं नाकाकडे वळतात. नजर किती अंतरावर आहे ते मला बघून कळतं. पहिल्या दिवशी ती दाराशी होती, माझ्यामागे बारा फुटांवर. दुसऱ्या गुरुवारी आठ. तिसऱ्या गुरुवारी हाताच्या अंतरावर. एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहावा तसं मी ते वहीत लिहून ठेवत होतो.

"रागावलीय का?" मी एकदा विचारलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "रागावली असती तर बरं होतं."

चौथ्या गुरुवारी त्या खुर्चीत बसायलाच तयार होईनात. दारातूनच माझ्याकडे बघून भिंतीला टेकल्या. "आता ईझलही लागत नाही… तिने तुमच्या मानेवर हनुवटी टेकवलीय. पुन्हा येऊ नका." मी मानेवरून हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. घरी जाऊन जेवलो, झोपलो. झोपही लागली.

पाचव्या गुरुवारी घंटा वाजवली तेव्हा मनाची तयारी करूनच उभा होतो. त्यांनी दार उघडलं. त्यांचा तो चेहरा होईल, नजर खांद्यामागे जाईल, म्हणून मी वाट पाहिली. तसं झालं नाही. त्यांनी सरळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि अनोळखी पाहुण्यांकडे बघून हसावं तशा त्या हसल्या.

"या ताई," त्या म्हणाल्या. "मासिकवाले नाही आले बरोबर?"

मी मागे वळून पाहिलं. जिना खालपर्यंत रिकामा होता. सांगावंसं वाटलं की अहो, मीच तो. पण वाटलं तितक्यात विरूनही गेलं. काकू दार धरून बाजूला झाल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं, "आज मी एकटीच आलेय." आणि आत गेले.