पाऊस थांबेपर्यंत

घोणसगडावर पहाट झाली, ती अंधाराचा रंग पांढुरका झाला एवढ्यावरूनच कळली. आषाढ सरला, श्रावण सरला, भाद्रपदही निम्मा गेला, तरी ढग गडाच्या माथ्यावरून हलले नव्हते. तटाच्या चिऱ्यांवर शेवाळ चढले होते, कोठीतल्या नाचणीला बुरशीचा वास येत होता, आणि माणसांच्या अंगावरची वस्त्रे महिन्यामहिन्यांत वाळली नव्हती. तरीही गडावरचा हरएक जीव जाग येताच आधी पावसाचा आवाज ऐके आणि मगच श्वास सोडी. कारण पाऊस होता म्हणून गड होता. पायथ्याच्या पठारावर मुनव्वरखानाच्या तोफा चाकांच्या आसापर्यंत चिखलात रुतल्या होत्या, त्याची दारू सादळली होती, पूर्वेच्या बुरुजाखाली कष्टाने खणलेला सुरुंग पाण्याने भरून गेला होता, आणि निम्मी छावणी हिवतापाने आडवी पडली होती. गडाची टाकी मात्र काठोकाठ भरून वाहत होती.

किल्लेदार सुभानराव ढमाले तटावरून परतले ते थेट सदरेवर. सरनोबत रत्नोजी आणि गडाचे सबनीस विसाजीपंत तिथे खोळंबले होते. गडाच्या मदतीस निघालेली फौज घाटातच कापली गेल्याची खबर आदल्याच दिवशी आली होती. आता कोणीही येणार नव्हते.

"राव, खानाकडे अभयाचा कौल मागावा," विसाजीपंत हळूच म्हणाले. "गडावर बायकापोरे आहेत. पाऊस उघडला की तोफा सुकतील, आणि मग कौल मागायलाही उसंत उरणार नाही."

"कौल?" रत्नोजी उसळला. "शेजारचा गड खानाने कौल देऊनच घेतला, पंत! उतरलेल्यांतले किती वाचले ते सांगा!"

पडद्याआडून किल्लेदारांच्या पत्नी सगुणाबाईंचा शब्द आला, "सबनिसांना जीव एवढा प्यारा असेल, तर त्यांनी एकट्यानेच उतरावे."

विसाजीपंतांनी मान खाली घातली. हा बोल सदरेबाहेर जाताच गडभर पसरला, आणि दुपारपर्यंत पाणवठ्यावरच्या बायका पंतांची पत्नी दुर्गाबाई हिच्याशी बोलेनाशा झाल्या.

तिसऱ्या प्रहरी पंत एकटेच किल्लेदारांकडे आले.

"राव, सकाळी मला भित्रा म्हटले ते बरेच झाले. आता मी फितूर झालो तर कोणाला नवल वाटणार नाही."

सुभानराव चमकले. "काय बोलता, पंत?"

"पश्चिमेच्या चोरदिंडीखालची घळ. तिथे खानाची चौकी नसती, तर बायकापोरे कधीच रानात उतरली असती. मी खानाकडे जातो. आपण उद्या धुक्याचा फायदा घेऊन मुख्य दरवाजाने छापा घालणार, असे सांगतो. तो झाडून साऱ्या चौक्या दरवाजासमोर गोळा करील. हे धुके आहे, ओढ्याची गर्जना आहे, तोवरच हे साधेल. ऊन पडले की घळ उघडी पडली."

"आणि तुम्ही?"

"मी ओलीस. त्याशिवाय तो विश्वास कसा ठेवील?"

सुभानरावांनी दार लोटून घेतले. मग म्हणाले, "निदान वहिनींना सांगून जा."

"गडावर खानाचे कान आहेत, राव. तिच्या डोळ्यांत पाणी दिसले नाही, तर ते कान काय समजतील? कोणालाही सांगू नका. रत्नोजींनाही नको."

त्यांनी किल्लेदारांना मुजरा केला. सुभानरावांनी पुढे होऊन त्यांना कवेत घेतले.

सांज होण्यापूर्वीच तटावर ओरडा झाला. सबनीस दोर टाकून उतरले होते! रत्नोजीने धनुष्य ओढले. सुभानरावांनी त्याचा हात धरला. "जाऊ दे. एक तोंड कमी झाले."

खाली खानाच्या डेऱ्यात पंत चिखलाने माखलेले उभे राहिले. त्यांनी आपली कथा सांगितली. सदरेवरचा अपमान सांगताना त्यांना सोंग आणावे लागले नाही, कारण तो अपमान खराच होता.

"आणि बात झूट निघाली तर?" खानाने विचारले.

"मी इथेच आहे, खानसाहेब."

दुसऱ्या दिवशी, हाताचे बोट दिसू नये अशा धुक्यात, मुख्य दरवाजावरचे नगारे वाजत राहिले आणि चोरदिंडीतून बायका, मुले, म्हातारी माणसे घळीत उतरू लागली. चौकी रिकामी होती. असे कसे झाले, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. सगुणाबाईंनी पतीच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मागे पाहू नका. पाय घसरेल." लढणारी माणसे गडावरच थांबली. नगारे थांबले असते आणि चुली थंडावल्या असत्या, तर खानाने तासाभरात पाठलाग केला असता.

घळीच्या तळाशी ओढा फोफावला होता. त्याच्या गर्जनेत लेकरांचे रडणे विरून गेले, हे त्याचे उपकार. पण दोन म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण त्याने नेली, आणि त्यांच्या किंकाळ्याही तशाच विरल्या. माणसांनी हातात हात गुंफून साखळी केली. दुर्गाबाईचा हात कोणी धरला नाही. ती दगडांना धरून, गळ्यापर्यंत पाण्यातून, सर्वांच्या शेवटी पार झाली.

तिसऱ्या सकाळी बायका पलीकडच्या डोंगरावरच्या एका धनगरवाड्यात जाग्या झाल्या, तेव्हा पावसाचा आवाज थांबला होता. पाने निथळत होती. ढग फाटून लख्ख ऊन पडले होते, आणि वाड्यातली माणसे हसत घोंगड्या वाळत घालत होती. सगुणाबाई दाराशी आल्या आणि उन्हाकडे पाहताच त्यांनी आपल्या लहानग्या मुलीला कुशीत ओढले.

खानही त्याच उन्हात डेऱ्याबाहेर आला होता. छापा पडला नव्हता. घळीतल्या चिखलात लहान लहान पावले उमटली होती. त्याने तोफ पुसून कोरडी करविली, आणि पंतांना तिच्या तोंडी बांधविले. पंतांनी एकदाच पश्चिमेकडे पाहिले. तिकडचे रान हिरवेगार आणि निःशब्द होते.

तोफेचा आवाज डोंगर ओलांडून आला.

"आईसाहेब, पुन्हा पाऊस येणार?" सगुणाबाईंच्या कुशीतल्या मुलीने विचारले.

"हो, बाळ," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तोफा थांबल्या नाहीत. तट दुसऱ्या दिवशी पडला. सुभानराव, रत्नोजी आणि त्यांच्यासंगे राहिलेला प्रत्येक गडी खिंडारात पडला. पंतांचे खरे जाणणारा एकच माणूस होता, तोही गेला.

पण त्या सकाळी, तोफेचा पहिला आवाज ऐकून साऱ्या बायका उठल्या आणि गडाच्या दिशेने त्यांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या दुर्गाबाईनेही जोडले.

"तू नको जोडूस," कोणीतरी म्हणाले.

तिने हात खाली घेतले.