लडकू पाटलाची गुरुवारची सुई

सन १९४१च्या वैशाखात, धसईजवळच्या एका गावात, लडकू पाटलाचं दुसरं लग्न लागता लागता मोडलं. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीसमोर बैल उभा होता. पाटील मांडवाबाहेर शेणात पडले होते, खुबा मोडून.

हे घडलंच नाही. गावात घडेल ते मुरबाडला कळवायचं काम पोलीस पाटलाचं, आणि पोलीस पाटील खुद्द लडकूच. त्यांनी कळवलं नाही. तेव्हा आपणही ते सोडून देऊ.

न घडलेल्या प्रकाराच्या तिसऱ्या दिवशी मुरबाडच्या हवालदार नथू भोईरांना तोंडी निरोप आला. ताबडतोब या, वही आणू नका.

पाटील ओटीवर उताणे पडले होते, पायाला कामट्या बांधून. वय अठ्ठावन्न, मिशीचा कलप पंचविशीचा.

"माझ्या बैलाला कोणीतरी काय चारलंय," ते म्हणाले. "दोन वर्सांमागं ठेचून घेतलेला बैल. ठेचलेला बैल गायीमागं लागत नाय. हा तीन महिने लागतोय. मांडवात माझ्यामागं लागला."

"बैल कोणाचा?"

"माझा."

"आधी?"

पाटलांनी आढ्याकडे पाहिलं. आधी तो सिद्धगडाखालच्या वाडीतल्या गोमाचा वळू होता. पाटलांच्या भातात शिरला म्हणून कोंडवाड्यात गेला. तिथून सुटला तो थेट पाटलांच्या गोठ्यात, खच्ची होऊन. वाडीत दुसरा वळू नव्हता.

नथू वाडीवर गेले. गोमा दिवाळीपासून डोळखांबच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर होता, कालच परतला होता. भट्टीवरच्या चौघांनी तसं सांगितलं. बैलाला काय चारलंस असं विचारल्यावर गोमानं शांतपणे विचार केला.

"ठेचलेलं परत आणील असं मूळ आमच्या डोंगरात असतं," तो म्हणाला, "तर आमी ते पाटलाला नसतं का इकलं? बैलाला कशाला देतो?"

नथूंना हे पटलं. ते परत येऊन बैलाला भेटले. बैलाच्या मानेवर हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. बैलानं एकदा हात लावू दिला, दुसऱ्यांदा नाही.

मग रंगू कंपाउंडर. तो दर गुरुवारी पाटलांकडे यायचा.

"कशाला?"

"सुई टोचायला."

"कसली?"

"मर्दानगीची."

रंगूनं सगळं सांगितलं. पन्नाशीनंतर पुरुषाच्या अंगातला रस आटत जातो, तो आता सुईनं बाहेरून भरता येतो, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते. वर्षभराच्या बाटल्या एकदम आल्या. तिसऱ्या सुईला पाटलांनी कलप लावला. पाचव्या सुईला सिद्धगड अर्धा चढून आले. सातव्या सुईला त्यांनी मुलगी पाहिली.

"बाटल्या कोणाच्या ताब्यात?"

"पाटलीणबाईंच्या. सुईपण त्याच उकळून ठेवतात. टोचताना बघून बघून माझ्याइतक्याच तयार झाल्यात."

फळीवर रिकाम्या बाटल्या होत्या, रबरी बुचाच्या. रंगूनं बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून दाखवली: औषध तिळाच्या तेलात विरघळवलेलं. नथूंनी बाटली उचलली. ती फळीला चिकटली होती, करकर करत सुटली. मग ती नथूंच्या अंगठ्याला चिकटली.

त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. पाटलाची बायको हिराबाई पाणी घेऊन आली, आणि न सांगता चिमूटभर राखही. ती गोठ्यातून आली होती. मुंबईचं औषध आल्यापासून तिचं बिऱ्हाड गोठ्यातच होतं. सकाळी वांझेचं तोंड नको, असं पाटील म्हणाले होते. बावीस वर्षं ते हेच म्हणत होते. फक्त गोठा नवा होता.

नथूंनी अंगठा राखेनं घासला आणि सगळ्यांना ओटीवर बसवलं.

"तिळाचं तेल सांडलं तरी तेलच राहतं," ते म्हणाले. "चिकटून डिंक होतं ते खुरासणीचं, कारळ्याचं. ते काढायला आमची आईपण राखच घेते. मुंबईचं औषध तिळात असतं, हे या घरात कोणाला माहीत असणार? इथं तेल म्हणजे खुरासणी. वैनी, तुमी बाटलीतलं औषध सुईनं ओढून घेतलंत. बाटलीत घरचं तेल भरलंत. औषध बैलाच्या मानेत गेलं. बैलाला काही चारलं नाय. टोचलं."

पाटलांनी मिशी चाचपली.

"म्हंजे मला चार महिने..."

"भज्यांचं तेल."

"पण मला जोर आला होता."

"तो तुमचा तुमी आणलात, पाटील."

रंगूला खोकला आला. तो अंगणात जाऊन खोकला.

हिराबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं नाकारलं नाही. कमरेचा कागद काढून नथूंना दिला. डॉक्टरांची चिठ्ठी. ती आली तेव्हा रंगूनं पाटलांना वाचून दाखवली होती आणि हिराबाई मागं चुलीवर पाणी ठेवत होती. त्यात लिहिलं होतं: तरुणपणी गालगुंड खाली उतरल्यानं बीज तेव्हाच गेलं. सुईनं जोर येईल, मूल येणार नाही.

"चिठ्ठी ऐकली," हिराबाई म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी यांनी मला वांझ म्हणून गोठ्यात घातली. आता दुसरीला घालायला निघाले होते. यांनी बैलाचं ठेचलं, माझं नाव ठेचलं. बैलाचं मी परत दिलं. माझं कोण देतो? गुन्हा लिवा, हवालदार. मी केला."

"लिवू नका," पाटील म्हणाले.

नथू अडचणीत आले. गुन्हा लिहायचा तर बैल लिहावा लागेल, बैल लिहायचा तर चिठ्ठी, आणि यातलं काही घडलेलंच नाही. वहीही आणलेली नव्हती. त्यांनी चिठ्ठी उलटी केली, रंगूकडून शिसपेन्सिल घेतली आणि हिराबाई सांगेल ते सरकारी भाषेत उतरवलं. खाली तिचा अंगठा घेतला. पाटील पडल्या पडल्या बघत होते. उठता येत नव्हतं.

"मेहेरबान मामलेदार साहेब, तालुका मुरबाड, यांचे सेवेशी. अर्जदार हिराबाई लडकू, मुक्काम गोठा. विनंती अर्ज ऐसा जे, 'वांझ' हा शेरा गेली बावीस वर्षे चुकीने अर्जदाराचे नावे चालू आहे. मागील बाजूची डॉक्टरांची चिठ्ठी पाहता तो शेरा पती लडकू यांचे खासगी मालकीचा आहे. सबब तो अर्जदाराचे नावावरून कमी करून पतीचे नावे चढवावा, व फेरफाराची नोटीस रीतीप्रमाणे चावडीवर पंधरा दिवस लावावी. हरकत घेणे झाल्यास पतीने मुदतीत स्वतःचे पायांनी चालत हजर राहावे, ही विनंती."