ओट्याची उंची

इराच्या पत्राला गोरक्षने उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र कसलं, दोनच ओळी होत्या. 'या घरात रोज थोडा वेळ तरी कुठे असावंसं वाटेल? आणि तिथून काय दिसावं?' सोबत तिचा पंचवटीचा पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड. कुणाच्याही घराच्या सजावटीचं काम हाती घेताना ती असं पत्र पाठवायची, आणि उत्तर आल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायची नाही.

"व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर लोक फोटो पाठवतात," ती म्हणायची, "तेही दुसऱ्यांच्या घरांचे! कार्डावर निदान स्वतःचं काहीतरी लिहावं लागतं."

गोरक्षला मात्र तिने सूट दिली होती. उत्तर न येताच काम सुरू केलं होतं. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

कार्ड फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होतं. पाण्याची बाटली काढताना रोज दिसायचं. आधी काय लिहावं ते सुचत नव्हतं. मग एक दिवस सुचलं... आणि तेव्हापासून तर लिहिणं जास्तच अवघड होऊन बसलं.

दोघांची गाठ पडली ती नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या टाइल्सच्या दुकानात. श्रावण होता. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. गोरक्ष मूळचा नामपूरचा, घरी कांद्याची शेती. तो स्वतः अंबडच्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासायचा. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस. पाथर्डी फाट्याला त्याने एक जुना फ्लॅट घेतला होता, तसाच राहायलाही आला होता, आणि दिवाळीच्या आत तो नीटनेटका करायचा होता.

"साहेब, टाइल नाही, आरसा आहे आरसा!" दुकानदार सांगत होता. "तोंड दिसतं यात."

"बाथरूममध्ये लावलीत तर पाय दिसतील. वर गेलेले," मागून कुणीतरी म्हणालं.

गोरक्षने वळून पाहिलं. आधी कुणी दिसलंच नाही. मग नजर खाली आणल्यावर दिसली – एक बुटकीशी मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली, हातात पाण्याची बाटली. त्याला काही कळायच्या आत तिने टाइल खाली ठेवून तिच्यावर पाणी ओतलं.

"चप्पल काढा. ठेवा पाय."

त्याने पाय ठेवला, आणि तो असा सुळकन निसटला की आधाराला त्याने जे हाती लागलं ते धरलं. तो तिचा हात होता.

"पटलं?"

"पटलं."

"मग आता हात सोडलात तरी चालेल..."

कानाच्या पाळ्या तापणं म्हणजे काय ते गोरक्षला त्या दिवशी कळलं.

घराचं काम त्याने इरालाच दिलं, आणि पुढच्याच रविवारी ती घर बघायला आली. दारात चप्पल काढता काढता तिने विचारलं, "बाहेरून या अंगाला एक खिडकी दिसली. आत ती कुठे गेली?"

"खिडकी? नाही हो. तिथे कपाट आहे."

"तेच म्हणते मी. खिडकी खाल्लीय त्या कपाटाने."

आधीच्या मालकाने स्वयंपाकघरातली खिडकी झाकून भिंतभर कपाट ठोकलं होतं. तिच्या हाताखालच्या दिनेश गवंड्याने चार घावांत ते उतरवलं. धूळ खाली बसली, आणि समोर पांडवलेण्यांचा डोंगर उभा राहिला – हिरवागार, माथ्यावर ढगाचं फडकं टाकलेला. इरा पुढे गेली. दोन्ही कोपर जुन्या ओट्यावर टेकून, हनुवटी तळहातांत धरून नुसती बघत राहिली.

"चहा घेणार?" गोरक्षने विचारलं.

"इथेच घेणार," ती न वळता म्हणाली.

त्या दिवसापासून तशीच रीत पडली. ती यायची, गोरक्ष आलं ठेचून चहा टाकायचा आणि ती खिडकीशी कोपर टेकून प्यायची. सगळं घर उलटंपालटं झालेलं असायचं. ती एक जागा तेवढी रोज तशीच.

काम झपाट्याने चाललं होतं. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे नक्षीदार फळ्या लावायच्या त्याच्या कल्पनेला तिने पहिल्याच दिवशी वाटेला लावलं. "टीव्हीला सजवायचं कशाला? नवरदेव आहे का तो?" झोपायच्या खोलीतलं खोटं छत तिने रद्द केलं, पलंग फिरवून असा मांडला की सकाळचं ऊन पायांशी यावं, डोळ्यांवर नाही. आणि नामपूरहून आलेली कांद्याची गोणी हॉलच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसलेली पाहून तर तिला फारच मौज वाटली.

"गोणीत कांदा घुसमटतो ना? गावाकडे कशात ठेवता?"

"कांदाचाळीत. पट्ट्यापट्ट्यांची असते, खालूनवरून वारा खेळतो."

"मग इथेही बांधू की!"

आणि खरंच, बाल्कनीतल्या बाकाखाली तिने लाकडी पट्ट्यांची एवढीशी कांदाचाळ बसवली. वर बसायला गादी, खाली कांदे.

पण घर जसजसं पुरं होत आलं, तसतसा गोरक्ष अस्वस्थ होत गेला. घर झालं की ती कशाला येईल? मग त्याला नाना शंका सुचू लागल्या. हॉलचा सायीसारखा रंग त्याने बदलून पिस्ता करायला लावला. पिस्ता वाळतो न वाळतो तोच साय परत मागितली.

"साहेब," दिनेश ब्रश धुता धुता म्हणाला, "बाकीची गिऱ्हाइकं काम कधी संपतंय म्हणून जीव खातात. तुम्हाला ते संपवायचंच नाय असं दिसतंय!"

इरा खिडकीशी चहा पीत होती. तिने कपाआडून गोरक्षकडे पाहिलं आणि झटकन डोंगराकडे नजर फिरवली.

शेवटी राहिला ओटा. ओट्याच्या बाबतीत इराचा एक नेम होता – जो स्वयंपाक करणार, त्याच्या कोपराच्या चार बोटं खाली ओटा. तयार माप ती वापरायची नाही.

"तुमच्याकडे कोण करणार स्वयंपाक?"

"मीच. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी... जमतं सगळं."

"हात असा धरा. हलू नका." ती टेप घेऊन अगदी जवळ आली. तिची बोटं त्याच्या कोपराला लागली. तिच्या केसांतल्या पेन्सिलीला देवदाराचा वास येत होता. "केवढे उंच आहात! एवढ्या उंच ओट्यावर मला चहाचा कपसुद्धा दिसायचा नाही."

ती हसत म्हणाली. पण गोरक्षच्या मनात ते जाऊन बसलं. आणि टेप गुंडाळता गुंडाळता तिने दुसरंही सांगितलं – पुण्याच्या एका मोठ्या फर्मने बोलावलंय. या घराचे फोटो त्यांना दाखवायचे आहेत. तिचं एकटीने केलेलं हे पहिलंच घर. जमलं तर दिवाळीनंतर पुणं.

"वा... छान," गोरक्ष म्हणाला. फ्रिजवरचं कार्ड त्याच्याकडे बघत होतं.

ती पुण्याला फर्मच्या लोकांना भेटायला गेली, त्याच दिवशी ओट्याचा ग्रॅनाइट आला. गोरक्ष कामावरून परतला तर दिनेश डोकं खाजवत उभा.

"ताईंचा कागद सिमेंटच्या पाण्यात भिजला, साहेब. फोन लागत नाय. उंची केवढी धरू?"

गोरक्षने खिडकीकडे पाहिलं. डोंगरावर संध्याकाळ उतरत होती. ती जागा रिकामी होती... आणि दिवाळीनंतर रिकामीच राहणार होती. त्याने हात पुढे केला.

"इथपर्यंत."

दिनेशने खूण केली.

रविवारी गोरक्षची आई आली. चतुराबाई नामपूरहून निघून वाटेत गडावर देवीला जाऊन आल्या होत्या; पेढ्याची पुडी अजून हातातच होती. त्यांनी पलंग पाहिला, कांदाचाळ पाहून तर "हाई बेस कयं!" अशी अहिराणीत शाबासकी देत मान डोलावली, आणि त्या स्वयंपाकघरात आल्या तेवढ्यात इराही येऊन पोचली.

इरा सवयीने खिडकीशी गेली. कोपर टेकवले. आणि एकदम ताठ झाली.

"हे काय? हा ओटा मला कसा काय बरोबर येतोय?" तिने बोटं धरून पाहिली. कोपराच्या खाली नेमकी चार बोटं. "दिनेश! हा साहेबांच्या मापाचा हवा होता. इथे भाजी चिरताना त्यांच्या पाठीचं धनुष्य होईल! आणि पुण्याच्या लोकांना मी हे दाखवू? पहिलाच ओटा चुकलेला?"

"मला काय बोलू नका, ताई. साहेबांनीच हात धरून दाखवलं."

एवढ्यात चतुराबाई पुढे झाल्या. उंचीला त्याही इराएवढ्याच. ग्रॅनाइटवरून हात फिरवत त्यांनी लेकाला विचारलं, "हाऊ वटा मनाकरता करेल शे का रे?"

"हां, मावशी, तुमच्यासाठीच!" दिनेशने संधी साधली. "साहेब, हो म्हणा की. फोडाफोड वाचेल."

इराचा चेहरा जरा निवळला. "आईंचं माप होय? मग तसं सांगायचं ना मला." पण बोलता बोलता तिचा आवाज उगीच थोडा खाली आला.

नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. आई खूश, दिनेश सुटला, चूक झाकली गेली. वर मातृभक्तीचं कौतुक. गोरक्षने फ्रिजकडे पाहिलं, मग आईकडे, मग इराकडे.

"नाही," तो म्हणाला. "आईचं माप नाही ते."

"मग कुणाचं?"

"तुमचं."

दिनेशने हातातली थापी अलगद खाली ठेवली. चतुराबाईंनी एकदा लेकाकडे, एकदा त्या मुलीकडे नीट पाहिलं, पेढ्याची पुडी ओट्यावर ठेवली आणि, "मी कांदा देखी येसु," म्हणत कांदे बघायला बाल्कनीत गेल्या.

"मला स्वयंपाक येत नाही, आधीच सांगते," इरा म्हणाली. गाल तापले होते, पण नजर सरळ होती. "आमच्या घरी बाबा करतात. आमच्याकडे उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या जेवणापासून सणाच्या पुरणपोळीपर्यंत सगळं. मी कुकरच्या शिट्ट्याही चुकते. आणि येत असता तरी – मला न विचारता कुणाच्या तरी ओट्याशी उभं करायचं?"

"स्वयंपाकासाठी नाही हो! तो मीच करणार. तुम्ही चहा घेऊन इथे कोपर टेकून उभ्या राहता ना..." गोरक्ष अडखळला, पण थांबला नाही. "दिनेशने उंची विचारली आणि मला ओटा आठवेचना. तुमचे कोपर आठवले. चूक झाली."

"कंपनीत केसाएवढा फरक पकडता म्हणे!"

"पकडतो. इतका मोठा कधी पाहिला नव्हता."

ती हसू दाबत होती. ओठाच्या कोपऱ्यातून ते निसटलंच. मग तिने केसांतली पेन्सिल काढली आणि भिंतीवर रेघ मारली.

"दिनेश, शेगडीपासून इथपर्यंत उचला. साहेबांच्या मापाने."

"आणि हा खिडकीकडचा?"

तिने पेन्सिल परत केसांत खोचली.

"तो... राहू दे."

"म्हणजे..." गोरक्षने श्वास रोखून विचारलं.

"म्हणजे काही नाही. माझ्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही."

"आत्ता दिलं की!"

"तोंडी उत्तर मी घेत नाही. कार्डावर लिहा."

"कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचेल. तुमचे बाबा वाचतील."

"बाबा तर आधी स्वतः वाचतात, मग मला हाक मारतात," ती पेढ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "हिंमत असेल तर लिहा. नसेल, तर ओट्याला दोन उंच्या का, असं कुणी विचारलं की गवंड्याची चूक म्हणून सांगा."

"ओ ताई! लय झालं हां!" दिनेश ओरडला.

"आणि पुणं?" गोरक्षने हळूच विचारलं.

"पुण्याचं माझं मी बघेन. तुमचा ओटा त्यात आणू नका."

आणि तिने बघितलंही. ओटा पुरा झाला त्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. "नाही, पूर्ण आठवडा जमणार नाही. अर्धा आठवडा पुण्यात, अर्धा इथे. नाशिकला माझी कामं आहेत... फोटो पाहिलेत ना? हो, दोन उंच्या. मुद्दाम केल्यात." फोन ठेवून वळली, तर गोरक्ष दारात.

"काय बघताय? खरंच आहेत कामं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना कांदाचाळ हवीय."

ती गेल्यावर गोरक्षने फ्रिजवरचं कार्ड काढलं. शेगडीपाशी, स्वतःच्या मापाच्या ओट्यावर ठेवून, एकदाही खाडाखोड न करता लिहिलं –

'स्वयंपाकघरात, शेगडीजवळ उभं असावं. चहा उकळत असावा. तिथून खिडकीतला डोंगर दिसावा. मध्ये तुम्ही उभ्या असलात, तर डोंगर नाही दिसला तरी चालेल. – गोरक्ष.

ता. क. बाबांना सादर नमस्कार. भरीत करतो आहे, त्यांना आणि तुम्हाला जेवायचं आमंत्रण.'

फाट्यावरच्या लाल पेटीपर्यंत तो चालत गेला. रस्त्याच्या कडेला आकाशकंदील विकायला लागले होते. पेटीच्या तोंडाशी त्याने कार्ड क्षणभर धरून ठेवलं, अक्षर वर, सगळ्या जगाला वाचता येईल असं. मग सोडलं. आत, तळाशी, ते टपकन पडलं.