पान एकशे बारा

पटकथाकाराच्या मनात लेखकाबद्दल मत्सर अजिबात नव्हता. तसं तो दिवसातून चार-पाच वेळा सांगत असे, कोणी न विचारता. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे एकानं कादंबरी लिहिली, वीस वर्षांत तिच्या वीस आवृत्त्या निघाल्या, आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिची दहा भागांची मालिका लिहिणं आलं. पडद्यावर लेखकाचं नाव ठसठशीत, याचं पापणी लवेपर्यंत.

म्हणून यानं ठरवलं, निदान एक प्रसंग आपला. लोकांनी विचारावं, हे डोकं कुणाचं?

त्यानं पटकथेत जिन्यावरचं एक भांडण घातलं. दिग्दर्शिका खूश झाली.

"बरं केलंत, पुस्तकातलं जसंच्या तसं ठेवलंत."

"पुस्तकात भांडण नाहीये."

"पान त्र्याहत्तर. वाचता तरी का हो, की नुसतेच जळता?"

होतं. कडा पिवळ्या पडलेल्या त्याच्याच प्रतीत. काल तिथे नदीकाठचं वर्णन होतं. विसरलो असेन, म्हणून त्यानं एक आंधळा घड्याळजी घातला. तोही निघाला, पान एकशे चारवर. कागद जुना, शाई जुनी, वाक्यं याचीच. फक्त जरा सुधारलेली. तेच जास्त झोंबलं.

त्यानं लेखकाला फोन लावला. "तुझ्या पुस्तकात घड्याळजी कधीपासून आहे रे?"

"पहिल्यापासून. कापतोयस की काय? काप बाबा. मला काय, सुचतच राहतं."

ते 'सुचतच राहतं' दुपारभर सलत राहिलं. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. त्या माणसाला सात जन्मांत सुचणार नाही, असं.

त्याची धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना तापानं गेली. आदल्या दिवशी अंथरुणात बूट घालून बसली होती. "दादा, नाडी बांध ना, शाळेत जाऊ." तो चित्र रंगवत होता. "उद्या," म्हणाला. हे त्यानं आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

एका बैठकीत लिहून झालं. मग पुस्तकाला हात लावायचा धीर होईना.

लावला.

पान एकशे बारा. बूट. नाडी. उद्या.

चांगलं लिहिलं होतं. त्याच्यापेक्षा चांगलं.

त्यानं आईला फोन केला. "आई, छोटीचं तू कधी बोललीस का माझ्या त्या मित्राजवळ?"

"कोण छोटी?"

"आई, माझी बहीण."

"अरे, ती कादंबरीतली! तो भाऊ 'उद्या' म्हणतो ना, असा राग आला होता मेल्याचा. तुला कुठली बहीण? वाचताना वाटलं होतं मात्र. आपल्यालाही एक मुलगी हवी होती."

त्यानं फोन ठेवला. छोटी हे घरातलं नाव झालं. तिचं खरं नाव काय होतं?

त्यानं पुस्तक पुढे ओढलं आणि शोधायला लागला.